खुबा बदलताना ‘बोन ग्राफ्ट’ : सही करण्याआधी काय विचाराल?

खुब्याच्या ऑपरेशनचे एस्टिमेट हातात पडते. खोलीभाडे, भूल, इम्प्लांट, औषधे या नोंदी कळतात. मध्येच एका ओळीत ‘बोन ग्राफ्ट’ एवढेच शब्द असतात आणि पुढे एक घसघशीत आकडा, नाहीतर ‘गरज पडल्यास’ असा मोघम शेरा. वाचकांचे प्रश्न इथूनच सुरू होतात. हाड कोणाचे बसवणार? अंगाला मानवेल ना? रक्तगट जुळावा लागतो का? हे टाळता येत नाही का? ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात हे विचारण्यात अर्थ नसतो. तेव्हा डॉक्टर घाईत असतात आणि तुम्ही धास्तावलेले. हे प्रश्न ओपीडीतच, एक्स-रे समोर लावलेला असताना विचारायचे आहेत. त्याची तयारी म्हणून हा लेख.

आधी एक गल्लत दूर करा

खुब्याच्या बाबतीत ‘बोन ग्राफ्ट’ हे शब्द दोन अगदी वेगळ्या ऑपरेशनांत येतात.

पहिले ऑपरेशन खुबा वाचवण्याचे. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरू लागतो. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. दारू, स्टेरॉइड आणि सिकलसेल ही त्याची आपल्याकडची ठळक कारणे. गोळा अजून खचलेला नसेल तर त्यात भोक पाडून आतला दाब कमी करतात आणि कधीकधी त्या पोकळीत हाड भरतात. इथे सांधा तुमचाच राहतो.

दुसरे ऑपरेशन खुबा बदलण्याचे. यात गोळा काढून कृत्रिम सांधा बसवतात आणि तो घट्ट बसावा म्हणून कमी पडलेल्या जागी हाडाची भर घालतात. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. शेजारच्या काकांना ‘ग्राफ्ट करून खुबा वाचला’ आणि तुम्हाला ‘ग्राफ्ट करून खुबा बदलायचा’ असे सांगितले असेल, तर तुमची फसवणूक होते आहे असे लगेच धरू नका. दोघांचे दुखणे वेगळ्या टप्प्यावर आहे. आणि हो, बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा या दोहोंशी काही संबंध नाही.

कोणाला लागतो, कोणाला नाही

खुबा म्हणजे कमरेच्या हाडातली उखळी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. सांधा बदलताना गोळा कापून काढतात, उखळी आतून घासून तिच्यात कप बसवतात आणि मांडीच्या हाडात दांडा घालतात. कप टिकायला चारही बाजूंनी सशक्त हाडाची पकड हवी. ती नसेल तिथे ग्राफ्टचा विचार सुरू होतो. सहसा असे प्रसंग येतात :

- रिव्हिजन, म्हणजे आधी बदललेला खुबा पुन्हा बदलणे. जुन्या सांध्यातले प्लास्टिक वर्षानुवर्षे झिजते. त्या बारीक कणांवर शरीर प्रतिक्रिया देते आणि त्यात कपाभोवतीचे हाड विरघळत जाते. ग्राफ्ट लागणाऱ्यांत हे रुग्ण सर्वांत जास्त.
- जन्मतः उथळ उखळी. गोळ्यावर छप्परच नसते, म्हणून कप बाहेरच्या बाजूने उघडा राहतो.
- आमवाती किंवा मणक्याच्या संधिवातात उखळीचा तळ पातळ होऊन गोळा आत ओटीपोटाकडे सरकणे.
- उखळीचे जुने फ्रॅक्चर, बहुधा मोटारसायकलच्या अपघातातले.
- खुब्याचा क्षयरोग किंवा जुना जंतुसंसर्ग बरा झाल्यावर राहिलेली पोकळी.

झिजलेला खुबा, एव्हीएन किंवा वयस्कर माणसाला पडून झालेले खुब्याचे फ्रॅक्चर, यांत पहिल्यांदाच ऑपरेशन होत असेल आणि उखळी शाबूत असेल तर बाहेरचे हाड सहसा लागत नाही. तरीही एस्टिमेटमध्ये ग्राफ्टचा मोठा आकडा दिसला, तर ‘एक्स-रेवर कमतरता नेमकी कुठे आहे ते दाखवा’ असे म्हणा. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. चांगला सर्जन पेनने ती जागा दाखवतो.

रिव्हिजनच्या रुग्णांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. साध्या एक्स-रेवर हाडाची झीज कमी दिसते, म्हणून सीटी स्कॅन केला आहे का? आणि जुना सांधा सैल झाला तो झिजेने की जंतुसंसर्गाने, याची तपासणी झाली आहे का? त्यासाठी रक्तातल्या ईएसआर व सीआरपी या चाचण्या असतात आणि शंका असली तर सुईने सांध्यातले पाणी काढून तपासतात. जंतू असताना घातलेला ग्राफ्ट जंतूंचेच घर होतो. अशा वेळी बहुधा दोन टप्प्यांत काम करतात. आधी जुना सांधा काढून प्रतिजैविक मिसळलेला तात्पुरता ‘स्पेसर’ ठेवतात आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर नवा सांधा व ग्राफ्ट घालतात. दोन ऑपरेशने म्हटले की नातेवाईक बिथरतात, पण हा वेळकाढूपणा नसतो.

फाइलमध्ये ‘पॅप्रॉस्की’ असा शब्द आणि पुढे आकडा दिसला तर तो हाडाच्या कमतरतेचा दर्जा आहे. १ म्हणजे उखळी जवळपास शाबूत, २ म्हणजे मध्यम कमतरता, ३ म्हणजे मोठी. तुमचा आकडा विचारून लिहून ठेवा. दुसरे मत घेताना त्याचा उपयोग होतो.

हाड कोणाचे?

स्वतःचे. हे सर्वांत उत्तम आणि पहिल्या ऑपरेशनात हाताशीच असते. कापून काढलेला गोळा तुमचाच असतो. उथळ उखळी असेल तर त्याच गोळ्याचा तुकडा छपरासारखा बसवून स्क्रूने घट्ट करतात. उखळी घासायचा रीमर जायफळाच्या किसणीसारखा असतो. त्यात साठलेला हाडाचा कीससुद्धा लहान खळगे भरायला वापरतात. या हाडात जिवंत पेशी असतात, दुसऱ्याकडून रोग येण्याची भीती नसते आणि हाडाचे वेगळे पैसे पडत नाहीत. रिव्हिजनमध्ये मात्र गोळा आधीच गेलेला असतो. कमरेच्या हाडाच्या कडेतून काढता येते, पण ते थोडेच मिळते आणि ती जागा पुढे बरेच दिवस दुखते. कित्येकांना खुब्यापेक्षा तीच जास्त ठणकते, हे आधी सांगितले जात नाही.

दुसऱ्या माणसाचे. वाचकांना सर्वांत जास्त धास्ती याची वाटते. हे हाड बहुतेक वेळा अशा जिवंत दात्याचे असते, ज्याचा स्वतःचा खुबा बदलला आणि ज्याने काढलेला गोळा हाडांच्या बँकेला दिला. मृत्यूनंतर अवयवदान केलेल्यांचे हाडही वापरतात. दात्याची एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिससाठी तपासणी होते. पुढे जपणुकीच्या दोन पद्धती आहेत. एक, उणे ७० ते ८० अंशांवर गोठवलेले हाड. दुसरी, सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले हाड, जे बंद पाकिटात साध्या तापमानाला टिकते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून हे दुसऱ्या पद्धतीचे काम करते. गोठवलेले हाड भक्कम असते. किरण दिलेले हाड जंतूंच्या दृष्टीने अधिक निर्धोक, पण ताकदीला थोडे उणे.

मूत्रपिंडासारखे हे हाड शरीर ‘नाकारते’ का? त्या अर्थाने नाही. त्यात जिवंत पेशी जवळपास नसतात. तो एक सांगाडा असतो आणि तुमचे शरीर हळूहळू त्यात स्वतःचे हाड भरते. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लागत नाहीत आणि सहसा रक्तगटही जुळवत नाहीत. एक अपवाद लक्षात ठेवा. रुग्ण आरएच निगेटिव्ह स्त्री असेल आणि तिला पुढे मूल हवे असेल, तर गोठवलेले हाड वापरण्याआधी हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

कृत्रिम किंवा प्राण्यांचे. कॅल्शियमच्या क्षारांचे दाणे बाजारात मिळतात. ते लहान खळग्यांना किंवा खऱ्या हाडात मिसळायला ठीक. एकटे भार झेलत नाहीत. काही उत्पादने गाईगुरांच्या हाडापासून बनतात. धर्म किंवा आहाराच्या कारणाने तुम्हाला ते चालणार नसेल तर तसे आधी आणि लेखी सांगा. पर्याय असतो.

चुरा की अखंड तुकडा?

हाड कोणाचे याची चर्चा घरात खूप होते, पण ते कोणत्या रूपात घालणार हे कोणी विचारत नाही. तुमचे पुढचे तीन महिने मात्र त्यावरच ठरतात.

उखळीच्या कडा शाबूत आहेत आणि आत खळगा पडला आहे, असे असेल तर हाडाचे बारीक तुकडे करून ते ठोकून ठोकून बसवतात. नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथल्या स्लूफ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये उखळीसाठी ही पद्धत मांडली. तुकडे साधारण ७ ते १० मिलिमीटरचे लागतात. भुगा फार बारीक झाला तर कप हलतो. हाडावरचा कूर्चेचा थर आधी खरवडून काढावा लागतो, कारण त्यात नवे हाड शिरत नाही. नीट जमले तर हा चुरा काही महिन्यांत तुमच्याच हाडात मिसळू लागतो आणि गेलेले हाड परत मिळते.

कडाच गेली असेल तर चुरा तिथे थांबत नाही. मग अखंड तुकडा स्क्रूने बसवावा लागतो. तो पहिल्या दिवसापासून भार उचलतो, पण दुसऱ्याचा मोठा तुकडा असेल तर तुमचे हाड त्यात पूर्ण कधीच शिरत नाही. काही वर्षांनी तो खचू शकतो.

ग्राफ्ट टाळून काय करता येते?

बरेच काही. मोठ्या आकाराचा कप घालता येतो. सच्छिद्र टायटॅनियम किंवा टँटलमच्या धातूच्या पाचरी, म्हणजे ऑगमेंट, बसवता येतात. उखळी फारच खराब असेल तर धातूचा पिंजरा किंवा सीटी स्कॅनवरून खास तुमच्यासाठी बनवलेला कप वापरतात. या धातूंमुळे अखंड तुकड्यांचा वापर बराच घटला आहे.

मग निवडायचे काय? माझ्या मते इथे वय आणि घरची परिस्थिती दोन्ही तोलावी लागतात. रुग्ण पंचेचाळिशीचा असेल तर आयुष्यात आणखी एक ऑपरेशन होण्याची शक्यता खरी आहे. त्याच्यासाठी आज हाड वाढवून ठेवणे शहाणपणाचे, मग ग्राफ्ट जुळेपर्यंत तीन महिने काठीवर गेले तरी चालतील. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींना तीन महिने पायावर पूर्ण भार न देता राहणे जमत नाही आणि त्यात त्या पुन्हा पडतात. त्यांना लवकर उभे करणारा धातूचा पर्याय, तो महाग असला तरी, बहुधा बरा. अंतिम निर्णय तुमच्या सर्जनचा. पण या दोन्ही बाजू तुमच्यासमोर मांडल्या गेल्या पाहिजेत.

पैशाच्या ओळी

‘बोन ग्राफ्ट’ या एका शब्दाखाली तीन वेगळे खर्च लपलेले असू शकतात : हाडाचे पाकीट, ते बसवण्याची सर्जनची फी आणि स्क्रू, जाळी किंवा ऑगमेंट. ते सुटे करून मागा. स्वतःच्याच गोळ्याचे हाड वापरणार असतील तर ‘ग्राफ्ट मटेरियल’चे बिल कसले, हा साधा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. मानवी हाडाचा व्यापार कायद्याने निषिद्ध आहे. काढणे, तपासणे, जपणे आणि पोहोचवणे यांचा खर्च घेता येतो, हाडाची ‘किंमत’ नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. त्या आदेशात खुबा नव्हता. त्यामुळे गुडघ्याचा हिशेब खुब्याला लावून भांडू नका. तीन रुग्णालयांची एस्टिमेट शेजारी ठेवून इम्प्लांटचे नाव, कंपनी आणि प्रकार ताडून पाहिलेत तर अधिक हाती लागेल.

आरोग्य विमा असेल तर टीपीएकडे, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, जाणाऱ्या पूर्वपरवानगीच्या अर्जात ग्राफ्टचा उल्लेख आहे का ते पाहा. ‘गरज पडल्यास’ असेल तरी तो आधी लिहिलेला बरा. ऐनवेळी घातलेले साहित्य डिस्चार्जच्या दिवशी ‘नॉन-पेएबल’ ठरते आणि सगळे कुटुंब बिलाच्या खिडकीसमोर अडकून पडते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होणार असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. मंजुरी नेमकी कोणत्या पॅकेजची मागितली आहे, पहिल्या खुब्याची की रिव्हिजनची, आणि ग्राफ्ट त्यात धरला आहे का, हे त्याच्याकडून कळते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखल होतानाच द्या. बिल झाल्यावर धावपळ करून फार काही साधत नाही.

संमतीपत्रावर सही करण्याआधी

हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि घरातले एक माणूस सोबत ठेवा :

1. माझ्या उखळीत हाड कुठे आणि किती कमी आहे?
2. हाड माझे, दात्याचे की कृत्रिम? दात्याचे असल्यास कोणत्या बँकेचे?
3. चुरा भरणार की अखंड तुकडा?
4. ग्राफ्टऐवजी धातूचा पर्याय माझ्यासाठी का नको?
5. पायावर पूर्ण भार कधी देता येईल?
6. ऑपरेशन टेबलवर बेत बदलला तर जास्तीत जास्त खर्च किती?
7. अशी रिव्हिजन ऑपरेशने तुम्ही नेहमी करता का?

सातवा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी विचारा. पहिला खुबा बदलणारे सर्जन गावोगावी झाले आहेत. गेलेले हाड पुन्हा उभे करणे हे निराळे कसब आहे आणि त्यासाठी मुंबई-पुणे-नागपूरला जावे लागले तरी तो प्रवास वाया जात नाही.

तुमचे हक्क, थोडक्यात

संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत समजावून घेणे, दुसरे मत घेणे आणि तपशीलवार बिल मागणे हे तुमचे हक्क आहेत. अर्ज केल्यावर ७२ तासांत रुग्णालयाने कागदपत्रांच्या प्रती द्यायच्या असतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत तसे आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतीही आल्या, म्हणून हाडाच्या बँकेला नोंदणी लागते. दात्याच्या हाडाच्या पाकिटावर बँकेचे नाव, क्रमांक, निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि मुदत छापलेली असते. त्या लेबलची आणि इम्प्लांटच्या स्टिकरची एक प्रत डिस्चार्ज कार्डाला चिकटवून मागा. एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला, तेव्हा भारतातल्या कितीतरी रुग्णांचा शोधच लागला नाही. त्या वेळी ज्यांच्याकडे स्टिकर जपलेले होते, त्यांना आपल्या खुब्यात काय बसवले आहे हे सांगता आले.

तुमचा काढलेला गोळा स्वतःला लागणार नसेल तर तो बँकेला देता येतो. रुग्णालयाची अशी सोय असेल तर लेखी संमती आणि रक्ततपासणी एवढेच काम. नाही दिला तर तो जैविक कचऱ्यात जाळला जातो.

घरी येण्याआधी आणि आल्यावर

तंबाखू, मिसरी, बिडी, सिगारेट ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधीपासून बंद. बायकांची मिसरी कोणी तपासणीत विचारत नाही, म्हणून ती राहून जाते; पण निकोटिन कुठल्याही वाटेने आले तरी हाड जुळायला उशीर होतो. मधुमेह आटोक्यात आणा आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

भार किती द्यायचा हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्या. ग्राफ्ट नसलेला रुग्ण दुसऱ्या दिवशीही वॉकर धरून पायावर पूर्ण भार देऊन चालतो. ग्राफ्टवाल्यांना मात्र बहुधा ६ आठवडे ते ३ महिने अर्धवट भार, नाहीतर नुसता पाय टेकवणे सांगतात. वॉर्डात शेजारचा चालला म्हणून तुम्ही चालायचे नाही. फिजिओथेरपिस्ट घरी येणार असतील तर त्यांना ऑपरेशनची नोट दाखवा. ‘खुबा बदलला’ एवढ्यावर ते नेहमीचे व्यायाम सुरू करतील.

घरात उंच कमोड किंवा कमोडची खुर्ची आधीच आणा. मांडी, उकिडवे बसणे, पाटावर जेवणे आणि पायावर पाय टाकणे बंद. काय कायमचे बंद आणि काय काही महिन्यांपुरते, हे सर्जनला विचारा. झोपताना दोन पायांत उशी ठेवा. मोरीतली निसरडी फरशी आणि दारातले पायपुसणे यांनी जेवढे खुबे निखळतात तेवढे व्यायामाने निखळत नाहीत.

एक्स-रे साधारण ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने आणि १ वर्षाने, मग दरवर्षी काढतात. दुखत नाही म्हणून टाळू नका. ग्राफ्ट विरघळू लागला किंवा कप सरकला तर सुरुवातीला बहुधा काहीच दुखत नाही. दर वेळी ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे सोबत न्या, कारण एकटा नवा एक्स-रे पाहून कप जागेवर आहे की नाही ते नक्की सांगता येत नाही.

आणि पुढचे काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका :

- जखमेतून पाणी किंवा पू, ताप, जखमेभोवती लाली
- पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे (हे लगेच, रात्र असली तरी)
- पाय एकदम आखूड किंवा वळलेला दिसणे
- बरे चालत असताना जांघेत नव्याने दुखू लागणे
- काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही दाताचा, लघवीचा किंवा पायाच्या जखमेचा जंतुसंसर्ग होणे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ‘माझा खुबा बदललेला आहे, आत ग्राफ्ट आहे’ हे आधी सांगा